जाडीची रिकामी चौकट

आमची आत्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनला पट्टी लावून बघते. खरंच. पोलादी, एक फुटी पट्टी, कडा झिजून गुळगुळीत झालेली, तिच्या पर्समध्ये कंगव्याच्या शेजारी असते. ऑफिसात सगळे हसतात, कारण स्क्रीनवरचा बीम जवळ आणला की मोठा होतो आणि लांब नेला की लहान, त्याला पट्टी लावून काय कळणार? पण ती मोजायला लावतच नाही. तो सरळ आहे का ते बघते. "यंत्राला सरळ वाटतं ते मलाही सरळ दिसलं की जीव थाऱ्यावर राहतो," असं तिचं म्हणणं. म्हणून ऑफिसात तिचं नाव पडलं पट्टीताई. तोंडावर ताई, पाठीमागे नुसतं पट्टी. तिला दोन्ही माहीत आहे.

मी हे एका बैठकीत लिहून टाकतेय. थांबले तर नंतर माझी बाजू सावरून लिहीन, आणि ते मला नकोय.

तर आत्या. बाबांची मोठी बहीण, माझ्या जन्माच्या आधीपासून आमच्याच घरात. वय छप्पन्न. काम, लोखंडी इमारतींचं मॉडेल बनवणं. म्हणजे इंजिनियर हिशेब करून सांगतो की इथे असा खांब, तिथे एवढ्या जाडीची प्लेट, आणि आत्या ती अख्खी इमारत कॉम्प्युटरवर उभी करते, एकेक खांब, एकेक बीम, एकेक बोल्ट. त्या मॉडेलमधून ड्रॉइंग निघतात, ड्रॉइंग वर्कशॉपला जातात आणि तिथे लोखंड कापलं जातं. तिने मॉडेलमध्ये जे ठेवलं तेच कापलं जातं. मध्ये एक तपासणारा असतो, पण तो ड्रॉइंग मॉडेलशी जुळतंय का एवढंच बघतो, आणि काम पट्टीताईचं असलं की तेही वरवरच. कारण सदतीस वर्षांत तिची चूक कोणी पाहिलेली नव्हती.

सदतीस वर्षांपूर्वी तिने हाताने सुरुवात केली. एकोणिसाव्या वर्षी, ट्रेसिंगच्या कागदावर शाईने. रेघ चुकली की अर्ध्या ब्लेडने शाई खरवडायची, आणि खरवडताना कागद फाटला की दिवस गेला. तिथे एक हेड ड्राफ्ट्समन होते, त्यांचा एक नियम होता. ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात जो तक्ता असतो, तारीख, कोणी काढलं, कोणी तपासलं, कितवी सुधारणा, त्यातली एकही चौकट रिकामी ठेवायची नाही. लिहिण्यासारखं काही नसेल तर 'लागू नाही' लिहा, पण रिकामी नको. रिकामी दिसली की ते ड्रॉइंग वाचायचेच नाहीत, गुंडाळायचे आणि टेबलावरून तिच्याकडे ढकलायचे. "रिकाम्या चौकटीत उद्या कोणीही काहीही लिहील, आणि नाव तुझं लागेल," म्हणायचे.

ते तिच्या हाडात गेलं. माझ्या शाळेचे सगळे फॉर्म तिनेच भरलेत. 'पूर्वीचे मोठे आजार', लागू नाही. 'छंद', लागू नाही. मी चार वर्षांची होते. आई म्हणाली, "अहो वन्सं, छंद लागू नाही म्हणजे? दिवसभर खेळत असते की पोरगी!" आत्या म्हणाली, "खेळणं हा छंद नाही, ते वय आहे." तिच्या स्वतःच्या फॉर्मवर पतीच्या नावाची चौकट असते. तिथेही ती तेच दोन शब्द लिहिते, तशाच सरळ, उभ्या, सुटसुटीत अक्षरांत. त्यावर मात्र आमच्याकडे कोणी विनोद करत नाही.

मागच्या वर्षी ऑफिसात नवा साहेब झाला. माणूस नवा नव्हता, खुर्ची नवी. आत्याच्याच हाताखाली शिकलेला. "माझ्याकडे आला तेव्हा पेन्सिल अशी धरायचा जणू चमचा," असं ती सांगते. मीटिंगमध्ये तो तिला मॅडम म्हणतो, एकटा असला की ताई. त्याने आल्या आल्या भिंतीवर एक पांढरा फळा लावला. कोणी कुठलं काम किती तासांत उरकलं, नावासकट. आत्याचं नाव खालून पहिलं.

का खालून पहिलं, ते सांगते. मॉडेलमधल्या प्रत्येक वस्तूचे गुण असतात, तिची जाडी, तिचं लोखंड, तिचा रंग. ते बदलायचे दोन रस्ते आहेत. जुना रस्ता म्हणजे एक मोठी खिडकी उघडते, तिच्यात पन्नासेक ओळी, प्रत्येक ओळीपुढे खूण करायची जागा. आत्या आधी सगळ्या खुणा काढून टाकायची. मग जे बदलायचंय तेवढ्यालाच खूण, मग वाचायचं, परत वाचायचं, आणि मग 'बदला'चं बटण. ज्याला खूण नाही त्याला धक्का लागत नाही. त्यामुळे ती शंभर वस्तू एकदम धरायची आणि तरी बिनधास्त असायची.

नवा रस्ता म्हणजे तो पॉप-अप टूलबार. वस्तूवर क्लिक केलं रे केलं की तिच्याच शेजारी उगवतो, आपण हॉटेलात बसतोय न बसतोय तोच वेटर येऊन उभा राहतो ना, तसा. त्यात मोजक्या चार-पाच चौकटी. आकडा टाका, एंटर मारा, झालं. खूण नाही, बटण नाही, काही विचारणं नाही.

साहेब मीटिंगमध्ये म्हणाला, "मॅडम, ती मोठी खिडकी आता संग्रहालयात ठेवू या." सगळे हसले. आत्याही हसली म्हणे. घरी येऊन तिने चप्पल काढताना आईला हे हसत हसतच सांगितलं, आणि मग बराच वेळ चपला नीट लावत बसली.

त्या रविवारी दुपारी तिने लॅपटॉप माझ्यासमोर आणून ठेवला.

"घाई, इकडे बघ." मला ती घाईच म्हणते, मी चालायला लागायच्या आधी पळायला लागले म्हणून. "ते उगवणारं काय ते मला शिकव."

मी सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला. आमच्याकडे तेच सॉफ्टवेअर, विद्यार्थ्यांचं. मी एका हातात फोन धरून दुसऱ्या हाताने शिकवायला बसले.

"हे बघ. क्लिक. आला. आकडा. एंटर. संपलं."

"संपलं काय? परत कर."

"आत्या, यात परत करण्यासारखं आहे काय?"

"आहे. तू उंदीर दे माझ्याकडे." माउसला ती उंदीरच म्हणते. तिने दोन बीम धरले, एक जाड, एक बारीक. टूलबार उगवला. तिने पट्टीचं टोक स्क्रीनवर टेकवलं. "ही पहिली चौकट रिकामी का?"

मी फोनमध्ये होते. मैत्रिणीने ग्रुपवर काहीतरी टाकलं होतं आणि माझं डोकं फिरलं होतं. काय टाकलं होतं ते आज विचाराल तर मला आठवत नाही. शपथ.

"असंच असतं गं कधीकधी. भर आणि एंटर मार."

"नक्की?"

"नक्की गं बाई! किती विचारतेस!"

तिने भरलं. एंटर मारला. दोन्ही बीम सारखे झाले. तो सराव होता, कोणाचं काय जाणार होतं? ती म्हणाली, "हुशार आहे हां यंत्र." आणि तिच्या छोट्या वहीत लिहिलं, रिकामी असल्यास भरणे.

आता ऐका. मला माहीत होतं. दुसऱ्याच सेमिस्टरला शिकवलं होतं आम्हाला. तुम्ही बऱ्याच वस्तू एकदम धरल्यात आणि चौकट रिकामी दिसली, तर त्याचा अर्थ त्या प्रत्येकीची किंमत वेगळी आहे, म्हणून यंत्र एकही दाखवत नाही. ती रिकामी नसतेच. तिच्या मागे सगळे आकडे उभे असतात. तुम्ही तिथे एक आकडा टाकलात की सगळ्यांना तोच लागतो. हे वाक्य मी परीक्षेत लिहिलंय. मार्क पडलेत त्याला.

पुढे दोनेक महिने आत्या खुशीत होती. फळ्यावर तिचं नाव वर सरकलं. एका खेळाच्या हॉलचं काम तिच्याकडे होतं, शाळेतल्या मुलांच्या स्पर्धांसाठीचा हॉल. आत चारही बाजूंनी प्रेक्षकांची गॅलरी, आणि गॅलरीला खालून खांब नाहीत. भिंतीतल्या खांबांमधून लोखंडी हात बाहेर काढलेले, त्यांना ब्रॅकेट म्हणतात, आणि प्रत्येक ब्रॅकेटच्या काखेत एक तिकोनी प्लेट. तो हात खाली वाकू नये म्हणून. असे चौतीस. आत्याने ते काम सांगितलेल्या दिवसाच्या दोन दिवस आधी दिलं. साहेबाने तिच्या नावापुढे हिरवा ठिपका लावला. ती येताना आइस्क्रीम घेऊन आली. बाबा म्हणाले, "ताई, ठिपक्याला आइस्क्रीम, मग बढतीला काय?" ती म्हणाली, "बढतीला तुला वाढदिवसाचा शर्ट. आत्ता गप खा."

फोन आला तो मंगळवार होता. संध्याकाळी आत्या ओट्याशी मटार सोलत होती, मी टेबलावर अभ्यासाचं नाटक करत होते. हात खराब म्हणून तिने फोन स्पीकरवर टाकला. वर्कशॉपचा मिस्त्री होता. लोखंड कापणारा, वीस वर्षांची ओळख, तिला बाई म्हणतो.

"बाई, तुमच्या हॉलचा माल गेला बरं का सगळा. निम्मे ब्रॅकेट चढले पण."

"वा. झटपट केलंत."

"होणार नाही तर काय! यावेळी तुम्ही गरिबाचा विचार केलात. चौतीसच्या चौतीस प्लेटा बारा एमएमच्या. एकाच पत्र्यातून फटाफट. नाहीतर तुमचं नेहमीचं, चार इकडे जाड, आठ तिकडे मध्यम, माझी पोरं खडूने खुणा करून करून वैतागतात. म्हटलं आभार मानावेत."

आत्याच्या हातातली शेंग अर्धी उघडलेली होती. ती तशीच राहिली.

"बाई? आहात ना?"

"आहे," ती म्हणाली. "मी तुला उद्या फोन करते."

तिने हात धुतले. पुसले. कपाटाच्या मागून इंजिनियरच्या ड्रॉइंगची गुंडाळी काढली, टेबलावर पसरली, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. लॅपटॉपवर मॉडेलची बघण्यापुरती प्रत होती, ती उघडली. एकेक प्लेट क्लिक करायची, कागदावर बघायची, पेन्सिलीने ठिपका द्यायची. मी नुसती बघत होते. बावीस प्लेटा कागदावरही बाराच्याच. आठ सोळाच्या. आणि चार, जिन्याच्या तोंडाशी जिथे गर्दी थांबते, तिथल्या, वीसच्या. मॉडेलमध्ये चौतीस बारा.

"आत्या, इंजिनियरने नंतर बदललं असेल..."

"मी बदललंय." ती शांत होती, आणि ते फार वाईट होतं. "सगळ्यांचा रंगाचा कोड बदलायचा होता. चौतीस एकदम धरल्या. नेहमीसारख्या. तो टूलबार आला शेजारी. जाडीची चौकट रिकामी होती. मला वाटलं, यंत्राकडून भरायची राहिली. समोरच्या प्लेटवर बारा दिसत होतं. मी बारा भरलं. मग रंग भरला. मग एंटर."

ती माझ्याकडे बघत नव्हती, ड्रॉइंगकडे बघत होती. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोलले. त्याऐवजी मी काय बोलले माहीत आहे?

"आत्या, अगं इंजिनियर लोक भरपूर जास्तीचं धरतात. कायम. दीडपट, दुप्पट. बारावरही उभं राहील ते. कोणाला कळणारसुद्धा नाही."

"तू हिशेब केलास?"

"नाही, पण..."

"कर."

मी केला. वही काढली, ब्रॅकेटची लांबी, वर माणसं खेटून उभी राहिली तर किती वजन, सगळं. आई जेवायला हाका मारत होती, आत्या समोर बसून राहिली होती, हातात पट्टी. सोळाच्या आठ जागा बारावर कशाबशा निघाल्या. जिन्याजवळच्या चार निघेनात. मी खोडलं, परत केलं. मुलं कमी धरली. परत केलं. आणखी कमी धरली.

"काय येतंय?"

"कदाचित बसेल."

"कदाचित हा शब्द मी कुठल्या चौकटीत लिहू, घाई?"

बाबा तोवर येऊन उभे राहिले होते. त्यांना सगळं कळलं, आणि ते हळूच म्हणाले, "ताई, तुझी दोन वर्षं राहिलीत. साहेबाला तोंडी सांग. बाजूला घेऊन. तो करेल काहीतरी. कागदावर नको घेऊस."

"कागदावर चुकलंय," ती म्हणाली, "तोंडी कसं सुधारेल?" आणि जेवायला उठली. जेवलीही. आम्हीच कोणी नीट जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेज बुडवून तिला स्कूटरवर सोडायला गेले आणि परत फिरलेच नाही. त्यांच्या ऑफिसात साहेबाची केबिन म्हणजे छातीएवढ्या उंचीची काच आणि वर मोकळं, त्यामुळे आतलं सगळं बाहेर ऐकू येतं आणि बाहेरचे सगळे न ऐकल्याचं सोंग करतात. मी तिच्या रिकाम्या खुर्चीवर बसून राहिले.

आधी सगळं ठीक होतं. साहेबाने लगेच साइटला फोन केला, काम थांबवलं. इंजिनियरला फोन केला. बारा जागी वरून जास्तीच्या प्लेटा जोडायच्या ठरल्या. मला वाटलं, हुश्श. मग तो म्हणाला, "आता ड्रॉइंगची सुधारित प्रत काढा, ताई. सुधारणेच्या तक्त्यात लिहा, 'सर्वसाधारण सुधारणा'."

"ही सर्वसाधारण नाही."

"ताई."

"कुठली प्लेट का बदलली, ते तिथे लिहायचं असतं. मीच शिकवलंय तुला."

"बरं, मग लिहा 'इंजिनियरच्या सूचनेनुसार'. खोटं आहे का? सूचना त्यानेच दिली ना आत्ता?"

"त्याने पहिल्यांदाच बरोबर सूचना दिली होती. मी मोडली."

"अहो, हा कागद हॉलच्या मालकाकडे जातो! 'माझी चूक' असं कोणी लिहितं का तक्त्यात? आजवर कोणी लिहिलंय?" त्याचा आवाज चढला. बाहेर सगळ्यांच्या माना आणखी खाली गेल्या. "हे एकदा कागदावर गेलं ना, ताई, की माझ्या हातात काही राहत नाही. मला तुम्हाला वाचवता येणार नाही. कळतंय का मी काय बोलतोय?"

"कळतंय."

"मग?"

"उद्या त्या हॉलमध्ये कोणी दुसरं काम काढेल," आत्या म्हणाली. "तो हा तक्ता वाचेल. त्याला कळायला हवं की बारा कुठून आलं. म्हणजे तो बाकीचं पण तपासेल. मी त्या दिवशी आणखी काय काय धरून काय काय भरलं असेल, मला तरी कुठे माहीत आहे?"

साहेब एकदम वेगळ्या आवाजात म्हणाला, "तुम्ही तेव्हा माझी ड्रॉइंग गुंडाळून परत द्यायचात. आठवतंय?"

"आठवतंय. तू रडायचास."

"हो. रडायचो."

ती बाहेर आली. मी खुर्चीवरून उठले. तिने तक्त्यात टाइप केलं, मी मागे उभी राहून वाचलं. 'बारा ठिकाणी प्लेटची जाडी मॉडेल करणाऱ्याकडून चुकून बदलली गेली. वरून जास्तीच्या प्लेटा जोडून भरून काढली. संपूर्ण मॉडेल पुन्हा तपासावे.' पुढच्या चौकटीत तारीख. त्याच्या पुढच्या चौकटीत तिची आद्याक्षरं. मग तिने पट्टी काढून त्या ओळीखाली धरली, सरळ आहे का बघितलं, आणि पाठवून दिलं.

साहेब बोलला होता तसंच झालं. मालकाच्या माणसाने तो कागद वाचला आणि एकच अट घातली, हे ज्याने केलं तो माणूस आमच्या कामावर नको. मग दुसऱ्या एका इमारतीच्या मालकानेही तीच अट घातली. साहेबाने तिचं मॉडेलचं लॉगिन बंद केलं. बंद करताना स्वतः तिच्या टेबलाशी येऊन सांगितलं, एवढं मात्र खरं. तिला प्रिंटच्या खोलीत बसवलं. तिथे ती ड्रॉइंगच्या घड्या घालायची. तिच्या घड्या इतक्या नेमक्या असायच्या की खालचा तक्ता बरोबर वर यायचा. अकरा दिवस तिने घड्या घातल्या. बाराव्या दिवशी घरी येऊन म्हणाली, "मी सोडतेय."

मधे एकदा मिस्त्रीचा फोन आला. बारा प्लेटा त्याने स्वतः जाऊन जोडल्या होत्या, पोरांवर सोपवल्या नव्हत्या. "मी उगाच तोंड उघडलं, बाई," तो म्हणाला. "आभार काय मानायचे होते मला! गप बसलो असतो तर..."

"गप बसला असतास तर मी तुझ्याशी आयुष्यात बोलले नसते," आत्या म्हणाली.

"पण तुम्हाला कळलंच नसतं ना, बाई."

फोन ठेवून ती बराच वेळ अंगठ्याने पट्टीची कड चोळत बसली.

काम सोडायचा फॉर्म शनिवारी भरला. टेबलावर तीच जागा, मागच्या वेळी ड्रॉइंग पसरलं होतं तीच. ती एकेक चौकट भरत होती. नाव. हुद्दा. रुजू झाल्याची तारीख. ऑफिसची कुठली वस्तू आपल्याकडे आहे का, लागू नाही. नवीन ठिकाणचा पत्ता, लागू नाही. अक्षर तेच, उभं, सुटसुटीत. मी समोर बसले होते आणि माझ्या छातीत इतके दिवस जे कोंबून ठेवलं होतं ते बाहेर आलं. सगळं एकदम, वाकडंतिकडं, रडत.

"आत्या, मला माहीत होतं. तू विचारलं होतंस मला. त्या रविवारी. चौकट रिकामी का ते. मी फोनमध्ये होते. मी म्हटलं भर. मला उत्तर माहीत होतं आणि मी म्हटलं भर. तू दोनदा विचारलंस."

तिचं पेन थांबलं नाही. चालू चौकट तिने पूर्ण केली.

"माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"तू सांगितलं होतंस ते. माझ्या वहीत आहे लिहिलेलं."

"मग तू कोणाला बोलली का नाहीस? बाबांना? मला? एकदा तरी ओरडायचंस ना माझ्यावर!"

"उंदीर माझ्या हातात होता." मग म्हणाली, "राग आला होता. खूप आला होता. अजून येतो. घड्या घालताना जास्त यायचा." हे ती इतकं साधं बोलली की मला आणखी रडू आलं. "पण तू एकटी कुठे आहेस? तो फळा आहे. तो हिरवा ठिपका. मला तो ठिपका आवडला होता, घाई. छप्पन्नाव्या वर्षी मला ठिपका आवडला. आणि ते आमचे जुने साहेब, रिकामी ठेवू नको, रिकामी ठेवू नको. आणि तपासणारा, त्याने माझं नाव बघितलं आणि पान उलटलं. कोणाकोणावर ओरडू?"

आईने चहा ठेवला होता. तो कोणी घेतला नाही.

फॉर्मवर शेवटची एक चौकट राहिली होती. काम सोडण्याचं कारण. बऱ्यापैकी मोठी चौकट, तीन ओळी मावतील एवढी. आत्याने पेन त्यावर टेकवलं. मला वाटलं, आता लिहील 'चूक'. किंवा 'लागू नाही' तरी. पेनाचं टोक कागदावर राहून राहून तिथे शाईचा एक बारीक ठिपका पडला. मी म्हटलं, "आत्या, 'वैयक्तिक' लिही ना. सगळे तेच लिहितात."

तिने पेनाला टोपण लावलं.

"राहू दे," म्हणाली. "एकच कारण असतं तर लिहिलं असतं."

सोमवारी ऑफिसातून फोन आला. फॉर्म बघणारी मुलगी होती, नवी असावी. "मॅडम, तुमची एक चौकट भरायची राहिली आहे. मी भरू का काही?"

आत्या भाजी निवडत होती, फोन स्पीकरवर होता. तिने माझ्याकडे बघितलं. मग फोनकडे तोंड करून म्हणाली, "नको, बाळ. तुला माहीत नसलेली चौकट तू भरू नकोस."